सकाळच्या घासाचा इतिहास

वसंतातील या व्याख्यानांतून राज्ये कशी उभी राहिली आणि कशी बुडाली हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. तह, लढाया, सनदा यांचा इतिहास लिहिणारांना कागदपत्रांची वाण पडत नाही. परंतु ज्यांनी शेते नांगरली, गडांवर दगड चढवले आणि पुढे गिरण्या चालवल्या, ती माणसे सकाळी उठल्यावर काय खात होती असा प्रश्न केला म्हणजे दप्तरे मुकी होतात. न्याहारीची बखर कोणी लिहिलेली नाही. तरी हा इतिहास अगदीच हरवलेला नाही. जुन्या ग्रंथांतील विधिनिषेध, कारखान्यांचे कायदे, दुष्काळी कामांवरचे मजुरीचे दर आणि आपल्या घरोघरच्या सवयी यांत तो विखुरला आहे. त्यातला थोडा गोळा करून आपल्यापुढे ठेवावा, आणि आजच्या कुटुंबाने त्यातून काय घ्यावे याचा विचार करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सकाळची न्याहारी ही आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली, असे म्हणणारे लोक आढळतात. संस्कृतात 'प्रातराश' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ सकाळचे खाणे असाच आहे. मात्र धर्मग्रंथांचा सर्वसाधारण कल दोन जेवणांकडे आहे. माणसाने सकाळी आणि सायंकाळी असे दोन वेळां जेवावे, मध्ये खाऊ नये, असा उपदेश महाभारतातही आला आहे. स्नान, संध्या, पूजा आटोपल्यावाचून अन्न तोंडात घालावयाचे नाही, हा उच्चवर्णीय घरांचा शिरस्ता त्याच विचारातून आला. अशा घरांत मोठी माणसे दहाच्या सुमारास एकदम पानावर बसत. सवलत होती ती लेकरांना. त्यांच्यासाठी सकाळी मऊभात होई, आणि त्यावर तूप व मेतकूट पडे. तांदूळ, गहू, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ भाजून केलेले हे मेतकूट म्हणजे धान्य व कडधान्य यांची उत्तम जोड होती. ती जोड का चांगली याचे शास्त्र पुढे आले, पण आज्यांच्या हाताला ते आधीच ठाऊक होते.

हा शिरस्ता पाळणे ज्यांना परवडत होते त्यांची संख्या मात्र लहान होती. कुणब्याचे घर निराळ्या घड्याळावर चाले. पहाटे मोट धरणाऱ्याला दहापर्यंत उपाशी राहून कसे चालेल? सूर्य कासराभर वर आला म्हणजे घरधनीण डोक्यावर पाटी घेऊन बांधावर येई. पाटीत ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, लसणाची चटणी किंवा ठेचा, कांदा, आणि असेल तर ताक. उन्हाळ्यात आंबील. कोकणात आणि गोव्यात भाकरीच्या जागी पेज, तिच्याबरोबर लोणचे किंवा सुक्या मासळीचा तुकडा. नाचणीच्या मुलखात नाचणीचीच भाकरी. न्याहारी हा शब्द आपल्या खेड्यांत ज्या अर्थाने रुजला तो हा होय. ती कष्ट करणाराचे पहिले जेवण होती.

या न्याहारीची आजच्या ज्ञानाने परीक्षा केली तर ती बऱ्याच अंशी उतरते. बाजरीत लोह चांगले असते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आख्खे धान्य दळून केलेली भाकरी हळूहळू पचते, त्यामुळे भूक लवकर परतून येत नाही. आंबवलेल्या पिठातले लोह शरीराला अधिक सुलभतेने मिळते. तोंडी लावायला पालेभाजी किंवा कडधान्याची उसळ असली आणि वर ताक मिळाले, तर या पानात फारसे उणे राहत नाही.

पण जुने ते सारे सोने, असे म्हणण्याचा मोह आम्हांला आवरला पाहिजे. भाकरीचे गुण भाकरी असेल तर उपयोगाचे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनच्या गावेच्या गावे खडी फोडण्याच्या कामांवर आली. तेव्हा सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मोठ्या माणसाच्या मजुरीचा हिशेब दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसा असा धरला. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाने एवढ्यात सकाळ कोणती आणि संध्याकाळ कोणती करावयाची? पुण्याच्या सार्वजनिक सभेने या मजुरीविरुद्ध आवाज उठवला आणि मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडून निषेध केला. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने आपल्याच राज्यात खडीची कामे पाहिली. त्या वेळी कामांवर सुकडी वाटली गेली आणि परदेशाहून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली. त्या पिढीतील माणसांना सुकडीची चव अद्याप सांगता येते. शंभर वर्षांच्या अंतरात एवढा फरक पडला की दुसऱ्या खेपेला रोजगाराची हमी हा शब्द राज्याच्या कारभारात आला. न्याहारीच्या इतिहासातले हे पान आपण उलटून पुढे जाऊ नये. सकस खाण्याचा उपदेश करणाराने आधी समोरच्याच्या घरात धान्य आहे की नाही हे विचारले पाहिजे.

आता शेतातून शहरात येऊ. इंग्रजी अमदानीने आपल्या खाण्यात काय आणले यापेक्षा खाण्याच्या वेळा कशा बदलल्या हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. कचेऱ्या आणि शाळा अकराला भरू लागल्या आणि मध्यमवर्गाचे जेवण साडेनवाला ओढले गेले. घाईघाईने जेवून पळावयाचे, ही सवय तेव्हाची. गिरणीने याहून मोठा फरक केला. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. तिच्यामागून दुसऱ्या निघाल्या, आणि कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसांची सकाळ भोंग्याच्या ताब्यात गेली. शेतावर न्याहारीची वेळ सूर्य ठरवीत असे. येथे ती यंत्र ठरवू लागले, आणि यंत्राला भूक लागत नाही.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि त्यांना तासाभराची विश्रांती दिली. मोठ्या माणसांना त्या कायद्याने काही दिले नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून जो अर्ज केला, त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी आपली नावे दिली. रविवारची सुटी हवी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, आणि दुपारी अर्धा तास सुटी मिळावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. अर्धा तास! ज्या वस्तूसाठी हजारो माणसांना अर्ज करावा लागला ती वस्तू म्हणजे बसून चार घास खाण्याची सवड. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी सकाळी घरातील सारी मंडळी एकत्र बसून पोहे खातात, तेव्हा त्या बशीमागे लोखंड्यांची सहा वर्षांची खटपट आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

योगायोग असा की याच १८९० साली पुण्यात सकाळच्या एका पेयावरून मोठे रण माजले. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी बोलावलेल्या शहरातील प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरून खाली ठेवला. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रातून बाहेर आणली आणि ग्रामण्य सुरू झाले. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. १८७५ साली पुण्यात ज्यांनी वसंत व्याख्यानांची प्रथा घातली, त्या रानड्यांना एका पेल्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागले. वाद खरा चहाचा नव्हता, तो कोणाच्या हातचा चहा याचा होता. पण चहा ही त्या वेळी घरातली वस्तू नव्हती, हेही त्यावरून कळते.

त्यानंतर चहा घरात कसा शिरला याची हकिगत मोठी बोधप्रद आहे. १९०३ साली सरकारने चहाच्या निर्यातीवर एक लहानशी पट्टी बसवण्याचा कायदा केला, आणि त्या पैशातून चहाचा खप वाढवण्याचे काम सुरू झाले. पुढे १९३० च्या दशकात बाजारांत, स्टेशनांवर, कारखान्यांच्या दारांत चहा करून दाखवण्यात आला आणि पाजण्यात आला. ज्या पेयासाठी एका पिढीने प्रायश्चित्त घेतले, ते पेय दुसऱ्या पिढीने देवपूजेच्या आधी घेण्यास सुरुवात केली. आम्ही चहाचे शत्रू नाही. श्रमलेल्या माणसाला त्याने हुशारी येते, आणि आल्यागेल्याला देण्यासारखी एवढी स्वस्त वस्तू दुसरी नाही. परंतु चहा हे अन्न नव्हे. साखरेने तो घटकाभर भूक मारतो आणि पोटाला आपण काही दिले असा भास निर्माण करतो. चहातील तुरट द्रव्ये जेवणातील लोह शरीराला लागू देत नाहीत, हे आता निश्चित झाले आहे. बांधावरची भाकरी गेली आणि तिच्या जागी चहात बुडवलेला पाव, बटर किंवा बिस्किट आले, तेव्हा गरीब घराच्या सकाळीतून धान्याचा कोंडा, कडधान्य आणि ताक एकदमच बाहेर पडले. खर्च वाचला नाही, वेळ मात्र वाचला. भोंग्याच्या युगात वेळेची किंमत अन्नापेक्षा अधिक झाली होती.

मराठी घराने नव्या गोष्टी नुसत्या सोसल्या असे मात्र नाही. पुष्कळशा पचवून आपल्याशा केल्या. पोह्यांचे उदाहरण घ्या. पोहे आपले, सुदाम्याच्या कथेइतके जुने. हळद, मोहरी, कढीलिंब हेही आपले. पण हिरवी मिरची, बटाटा आणि शेंगदाणा ही तिन्ही अमेरिका खंडातील पिके. ती पोर्तुगिजांच्या काळात आणि त्यानंतर या देशात पसरली, आणि बटाट्याचे तर नावही आपण पोर्तुगीज भाषेतून घेतले. शनिवारवाडा बांधणाऱ्यांच्या आजोबा-पणजोबांना आजचे कांदेपोहे, बटाटेपोहे ओळखता आले नसते. तसाच उपमा. उडुप्यांच्या उपाहारगृहांनी इडली, डोसा, उपमा मुंबई-पुण्यात आणला, आणि पाहता पाहता सांज्याच्या शेजारी उपम्याला जागा मिळाली. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत तर फारच शहाणपणाची. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह अधिक लागू पडते. नेमके याच्या उलट काम बशीशेजारचा चहाचा पेला करीत असतो. एकाच टेबलावर लिंबू लोह आत ढकलते आणि चहा ते बाहेर ठेवतो! चहा तासभर पुढे ढकलला तर हे भांडण मिटण्यासारखे आहे.

अन्नातील या गुणावगुणांचा पद्धतशीर शोध आपल्या देशात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाला. १९१८ साली दक्षिणेत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी एक लहानशी प्रयोगशाळा थाटली. १९२० च्या दशकात त्यांनी उंदरांचे गट करून प्रत्येक गटाला हिंदुस्थानातील एकेका प्रांताचा रोजचा आहार दिला. गहू, दूध, डाळ व भाजी असलेल्या शिखांच्या आहारावर उंदीर सर्वांत चांगले वाढले. सडलेल्या तांदळावर भर असलेल्या मद्रासी आहारावर ते सर्वांत खुरटे राहिले. मराठ्यांचा आहार या दोहोंच्या मध्ये आला. त्यांच्यामागून आलेल्या एक्रॉइड यांनी १९३७ साली देशी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे एक छोटे पुस्तक सिद्ध केले. हीच संस्था १९५८ साली हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून आज ओळखली जाते. आपली भाकरी, उसळ, नाचणी यांची किंमत आकड्यांत सांगता येऊ लागली ती या परंपरेमुळे.

पण कोणते अन्न चांगले हे कळले, तरी ते सकाळीच का खावे हा प्रश्न उरतो. येथे आम्हांला जपून बोलावेसे वाटते, कारण न्याहारीच्या नावाने पुष्कळ अतिशयोक्ती खपवली जाते. न्याहारी केली म्हणजे मोठ्या माणसांचे वजन उतरते, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तेरा प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, आणि त्यात या समजुतीला आधार मिळाला नाही. धडधाकट प्रौढ माणसाने जुन्या रीतीप्रमाणे दहाला नीट जेवण केले तर त्यात बिघडत नाही. मुलांची गोष्ट वेगळी आहे. मुलाचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा असतो, त्याला साखरेचा पुरवठा अधिक लागतो आणि रात्रभराच्या उपासानंतर मुलाच्या अंगातील साठा थोडा उरलेला असतो. जमैका बेटावरील खेड्यांतील शाळांत एक प्रयोग झाला आणि तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना वर्षभर शाळेत रोज न्याहारी दिली, आणि इतरांना संत्र्याची फक्त एक फोड. न्याहारी मिळालेली मुले थोडी अधिक वाढली, शाळेत थोडी अधिक नियमित आली, आणि त्यांतील लहान मुलांचे गणित सुधारले. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण खरा होता, आणि शाळेच्या बाकावर उपाशी बसलेल्या मुलाला तो पुष्कळ होतो.

हे ओळखून आपल्या देशातही पावले पडली. १९५६ साली कामराज यांनी मद्रास राज्यात शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. १९९५ पासून ते देशभराचे धोरण झाले, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने धान्य न देता शिजवलेले अन्नच द्या असा हुकूम केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दुपारच्या जेवणाच्या जोडीला सकाळची न्याहारीही असावी असे म्हटले. तामिळनाडूने २०२२ साली सरकारी प्राथमिक शाळांत न्याहारी देण्यास आरंभ केला. सकाळच्या पहिल्या तासाला गुरुजी जे शिकवतात ते पोटात काही असलेल्या मुलालाच पोचते, ही साधी गोष्ट मान्य व्हावयास इतकी वर्षे लागली.

आता घरातील शेवटच्या माणसाकडे वळू. आतापर्यंतच्या साऱ्या हकिगतीत एक व्यक्ती सतत वावरते आहे आणि ती खाताना कोठेच दिसत नाही. बांधावर पाटी घेऊन येते ती, पहाटे उठून गिरणीच्या पाळीचा डबा करते ती, मुलांचा मऊभात गुरगुटवते ती, आणि रविवारचे पोहे परतते तीही तीच. ती स्वतः केव्हा खाते? पुष्कळ घरांत याचे उत्तर अजून एकच आहे. सर्वांचे झाल्यावर, उभ्याने, चहाबरोबर काय उरले असेल ते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. याची कारणे अनेक आहेत आणि केवळ न्याहारीने ती नाहीशी होणार नाहीत. पण घरात सर्वांत आधी उठणाऱ्या बाईने सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोडे खावे, ही रीत त्या कारणांतील एक नाही असे कोणी म्हणू शकेल काय? लोखंड्यांच्या कामगारांना अर्धा तास मागण्यासाठी निदान एक मालक समोर होता. हिने अर्धा तास कोणाकडे मागावा?

म्हणून कुटुंबाला न्याहारीपासून होणारा लाभ सांगा असे कोणी विचारले, तर आमचे उत्तर या इतिहासावरूनच निघते. पदार्थांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. रात्रीची भाकरी ताकात कुस्करून, मटकीची उसळ, नाचणीची पेज, लिंबू पिळलेले पोहे, मूठभर शेंगदाणे व गूळ, जमेल तेथे दूध किंवा अंडे, एवढ्यात सकाळ पुरी होते आणि ती डब्यातल्या बिस्किटांहून फार महाग पडत नाही. अवघड आहे ती वेळ काढणे. त्यासाठी काम वाटून घ्यावे लागेल. मटकी आदल्या रात्री कोणीही भिजत घालू शकतो. कांदा चिरावयाला पुरुषाचा हात चालतो, आणि बशा मांडावयाला दहा वर्षांचे मूल पुरे होते. असे झाले म्हणजे सकाळी सातला पाच माणसांच्या घरात पाच बशा एकदम मांडल्या जातील, आणि पाचवी बशी करणारणीची असेल. तिने ती बसून खावी.